पावसात बंद पडणारी गाडी आणि पुंजाभाऊ

सातपूरला पुंजाभाऊंच्या गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझ्या गाडीकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर मला बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "हां, बोला ताई. सुरुवातीपासून."

मी म्हटलं, "सुरुवातीपासून काय बोला? गाडी धक्के मारते. बॉनेट उघडून बघा ना."

"गाडी कुठं पळून नाय चालली. तुम्ही घाईत हायेत, तुम्ही पळाल. म्हणून आधी तुम्ही."

मला रागच आला. मी इगतपुरीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रोज साठ-सत्तर लोकांचं रक्त काढते, त्यातला एकही मला सुरुवातीपासून काही सांगत नाही. बाटलीवर नाव, मशीनमध्ये नमुना, हातात रिपोर्ट. पण बसले मुकाट्यानं आणि सांगितलं. धक्का कधी बसतो, कितव्या गिअरला, पेट्रोल कुठं भरते, गाडी उन्हात असते की सावलीत. वीस मिनिटं गेली. मग ते उठले, एक वायर उपसली, साफ केली, परत लावली आणि म्हणाले, "जावा." त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाच्या दारात गाडी नेली नाही.

गाडी म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची, पेट्रोलवरची, छोटी, तीही दुसऱ्याकडून घेतलेली. आमच्या ह्यांना गाडी येत नाही, पण गाडीबद्दलचे सल्ले सगळे येतात. "विकून टाक, ट्रेननं जा," हा त्यातला सगळ्यात आवडता. पण मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले होते. नाशिक ते इगतपुरी एकटीनं जायचं, एकटीनं यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, ही माझ्या दिवसातली एकच माझी गोष्ट होती. ती मी ट्रेनमध्ये कशी बसवणार?

पुंजाभाऊ मूळचे हरसूलकडचे. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, कारखाना बंद पडल्यावर मागच्या गल्लीत पत्र्याची शेड घेतली. बुटके, सावळे, आवाज खालच्या पट्टीतला. नखं इतकी स्वच्छ की मेकॅनिक म्हणून सांगितलं तर कुणाला पटू नये. एकटेच काम करायचे. दुपारी साडेबाराला नागलीच्या भाकरीचं फडकं सोडून बसले की गल्लीतल्या कुणीही त्यांच्या शेडसमोर इंजिन चालू ठेवायचं नाही, असा नियम होता, आणि गल्ली तो पाळायची.

त्यांच्याकडे जायचं तर रोगाचं नाव घेऊन जायचं नाही, हे मी लवकर शिकले. एकदा माझ्यासमोरच एक साहेब मोठी गाडी घेऊन आले. "मी मोबाइलवर बघितलंय, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. तेवढा बदलून द्या."

"मग झालंच की," पुंजाभाऊ म्हणाले. "तुम्हाला आजार माहिती, औषध माहिती. मी कशाला मधी?" आणि त्यांनी खरोखर पाना उचलून साहेबांच्या हातात दिला. साहेब तणतणत निघून गेले. पंधरा दिवसांनी परत आले, चेहरा पार उतरलेला. दुसरीकडे सेन्सर बदलून झाला होता, समोरचा पिवळा दिवा तसाच होता. पुंजाभाऊंनी डबा पालथा घातला आणि जणू पहिल्यांदाच भेटतोय अशा सुरात म्हणाले, "हां, बोला साहेब. सुरुवातीपासून." उंदरानं वायर कुरतडली होती. साहेबांच्या सोसायटीत धान्याचं गोदाम होतं, हे साहेबांनी मोबाइलला सांगितलं नव्हतं.

गाडीला लावायचा स्कॅनर त्यांच्याकडे होता, पण त्याला ते पोपट म्हणायचे. जत्रेत भविष्यवाल्याचा पोपट चिठ्ठी काढतो, तसा. "पोपटानं काय काढलं बघू," म्हणत ते वायर जोडायचे. ह्यावरून आमची कायम जुंपायची, कारण माझी अख्खी नोकरी रिपोर्टवर चालते.

"रिपोर्ट खोटा नसतो, पुंजाभाऊ."

"खोटा नाय म्हणत मी. अर्धा असतो. रक्तात साखर वाढली हे तुमचं मशीन सांगतं. म्हातारी लपूनछपून जिलबी खाती, हे सांगतं का?"



काढलेला प्रत्येक पार्ट ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर मार्करनं मालकाचं नाव लिहून परत द्यायचे. मला हे फार आवडायचं, आमच्या नमुन्यांसारखं. आणि पार्ट देताना खरं बोलायचे. नवा घालून गाडी बरी झाली नाही, तर जुन्याकडे बघून म्हणायचे, "ह्यो मेलेला नव्हता. आपण जित्याला बाहेर काढलं." असं म्हणणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही.

दसऱ्याला त्यांच्या शेडसमोर जुन्या गाड्यांची रांग लागायची. झेंडूचे हार आम्ही न्यायचो, धागा त्यांचा. बाकी लोक स्टिअरिंगला नाडाछडी बांधतात. पुंजाभाऊ बॉनेट उघडून आत खोल हात घालायचे आणि इंजिनाजवळच्या एका बारीक वायरीला, शेजारच्या लोखंडी नळीसकट, लाल-पिवळ्या सुताचे पाच वेढे द्यायचे. "हितं गाडीची नाडी लागती," म्हणायचे. ओठ हलायचे, काय पुटपुटायचे ते कधी कळलं नाही. जुना धागा काढायचे नाहीत, देवाचा म्हणून. त्यावरच नवा. माझ्या गाडीला असे सात दसऱ्यांचे वेढे होते, आणि खरं सांगते, बॉनेट लावताना ते दिसले की मला बरं वाटायचं. कुणीतरी आपली काळजी घेतंय, असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत वाडीवऱ्ह्याच्या पुढे गाडी पहिल्यांदा बंद पडली. पिवळा दिवा लागला आणि इंजिन गपकन थांबलं. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. स्टिअरिंग जड झालं, कशीबशी कडेला घेतली. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर जणू काही झालंच नव्हतं.

सातपूरला नेली, तर गाडी शहाण्यासारखी वागली. पोपटानं चिठ्ठी काढली, क्रँक सेन्सर. पुंजाभाऊंनी मला समजावलं, "इंजिन फिरतंय हे सांगणारा आतमधी ह्यो एकच माणूस हाय. ह्यानं तोंड मिटलं की कंप्युटरला वाटतं इंजिन थांबलं, अन् तो पेट्रोल तोडतो." त्यांना लगेच बदलायचा नव्हता. मीच हट्ट धरला, रिपोर्ट स्पष्ट आहे म्हणून. बदलला. सहा दिवसांनी मुंढेगावजवळ गाडी परत बंद. दुसरा सेन्सर घातला. ऑगस्टमध्ये चार वेळा बंद.

मग त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. गाडी बंद पडली की जागा, वेळ, ऊन-पाऊस, आधी काय काय केलं, सगळं लिहायचं. "डबा काय खाल्ला तेही लिहू का?" मी वैतागून विचारलं. "लिवा की. कुठं काय सापडंल सांगता येतं का?"

पावसाळा सरला आणि गाडी ठणठणीत झाली. सबंध हिवाळा एकदाही रुसली नाही. मी म्हटलं, सुटले. आणि मार्चात, लख्ख उन्हात, भाचीच्या लग्नाला जाताना बंद पडली! पुंजाभाऊ डोकं खाजवत बसले. "पाऊस म्हणावं तर मार्चात कुठला पाऊस? ऊन म्हणावं तर मे महिन्यात का नाय?" मे महिना कोरडा गेला. जून लागला आणि बंद पडणं पुन्हा सुरू.

मग ते झालं. घोटी सोडल्यावर इगतपुरीच्या अंगाला एक लांब चढ आहे. धो धो पाऊस, काचेपलीकडचं धड दिसत नव्हतं, आणि चढाच्या मध्यावर इंजिन गेलं. मागून ट्रक. त्याचा हॉर्न मला अजून ऐकू येतो. ट्रक माझ्या मागच्या काचेपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मला ती धरताच येईना.

त्यानंतर मी त्या सीटवर बसले नाही. गाडी पुंजाभाऊंच्या दारात सोडून आले. बारा दिवस ट्रेन, जीप, उशीर, बोलणी. ट्रेनमध्ये बसले तरी मागून काहीतरी येतंय असं वाटायचं. शेवटी नाशिकच्या ऑफिसात टेबलावर बदली मागायचा अर्ज लिहिला. तिथं मायक्रोस्कोप नाही, माणसं नाहीत, कागद इकडून तिकडं करायचे. बावीस वर्षांचं काम सोडायला निघाले होते, एका दिव्यापायी. तो अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी सातपूरला गेले आणि पुंजाभाऊंना सगळं सांगितलं. गाडी विका म्हटलं.

त्यांनी वही मागितली आणि पहिल्यापासून वाचायला लागले, अक्षरावर बोट ठेवून. मार्चच्या पानावर थांबले.

"हे काय लिवलंय? 'गाडी धुतली.'"

"लग्नाला जायचं होतं ना. सकाळी वॉशिंग सेंटरवर नेली होती."

"वरून धुतली का आतून?"

"आतून पण. तो म्हणाला इंजिन फार मळलंय, अर्धा तास फवारत होता."

पुंजाभाऊंनी वही मिटली. "पाऊस नाय, ताई. पाणी. पण मी हितं पाइपानं पाणी मारून बघितलं तवा काय झालं नाय. म्हंजे पाणी मुरायला वेळ लागतोय. आता कशात मुरतंय, येवढंच बघायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्ज उद्याच्याला राहू द्या. उद्या मी येतो तुमच्यासंगं. मला रोग अंगात असताना बघायचाय. आतापातूर गाडी बरी होऊनच माझ्याकडं आली."

दुसऱ्या दिवशी, कामाच्या वारी, त्यांनी शेडला कुलूप लावलं. गल्लीतले लोक बघत राहिले. गाडी ते चालवत होते, मी शेजारी. पाऊस होताच. गोंदे मागं पडलं आणि पिवळा दिवा लागला. मी सीट घट्ट धरली, आणि हे गृहस्थ लेकीला न्यायला स्टँडवर आल्यासारखे हसले. "आली!" म्हणाले आणि गाडी कडेला घेतली.

मी छत्री धरली, त्यांनी बॉनेट उघडलं. "कशाला हात लावायचा नाय. बंद पडली की जो तो कपलर दाबतो, मी पण तेच करायचो. दाबला की जागेवर बसतो, मग काय दिसणार?" कपलर म्हणजे सेन्सरला वायर जिथं जोडलेली असते तो खटका. त्यांनी टॉर्च मारला आणि एक बोट त्या वायरीवरून हलकेच फिरवत नेलं. बोट थांबलं.

"ताई, हात आणा हिकडं."

मी हात लावला. वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणलेली होती. "गॅरेजमधी ही सैल लोंबती," ते म्हणाले. कपलरमधून तिचं टोक जरासं उपसलं गेलं होतं, नखभर असेल नसेल. आणि ती ताणली कशानं गेली होती? सात वर्षांच्या सुतानं. पाणी पिऊन तो लाल-पिवळा गोळा लाकडासारखा कडक झाला होता, आवळला होता आणि वायरीला नळीकडे खेचून धरत होता. गाडी थांबली की इंजिनाच्या उष्णतेनं सूत सुकायचं, पीळ सैल व्हायचा, वायर जागेवर यायची. पंधरा मिनिटं!

किती जणांनी ते बॉनेट उघडलं होतं. वाटेतले मेकॅनिक, वॉशिंगवाला, मी. सगळ्यांनी तो धागा बघितला होता आणि देवाचा म्हणून हळूच बाजूला सारून मग गाडी तपासली होती.

पुंजाभाऊंनी तो गोळा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "माझ्याच हातचं हाय."

खोटं कशाला सांगू, एक क्षण मला त्यांचा भयंकर संताप आला. मला तो हॉर्न ऐकू आला. 

त्यांनी चपला काढल्या, तिथंच, चिखलात. हात जोडले. मग खिशातून चाकू काढून एकेक वेढा कापत गेले. सातही दसऱ्यांचे. वायर सैल पडली. चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

ते सीटवर बसले, पण गाडी हलवली नाही. "दोन सेन्सर बदलले. दोन्ही जिते होते. पोपटाला नावं ठेवली. तो बिचारा खरंच बोलत होता, आतला माणूस बोलत नाय म्हणून. त्याचं तोंड कुणी दाबलंय ते मी बघायला पायजे होतं."

"मीपण तो धागा सारलाच होता की, पुंजाभाऊ."

"तुमचं काम नाय ते. माझं हाय." मग म्हणाले, "ट्रकवाला थांबला नसता तर?"

 मी दिलासा देत बसले नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही. तेवढ्यासाठी मला त्यांचा आदर वाटतो. दुसरा कुणी असता तर वॉशिंगवाल्यावर, पावसावर, कुणावर तरी ढकलून मोकळा झाला असता.

मग ते खाली उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. "सरका तिकडं. आता तुम्ही चालवा."

"मला नाही जमणार."

"बरं." आणि ते तिथंच उभे राहिले. छत्री माझ्याकडे, दार सताड उघडं, पाऊस डोक्यावर. वाद नाही, समजूत नाही. मला म्हाताऱ्या माणसाला असं भिजत ठेवणं बघवेना. सरकले.

पहिला गिअर टाकला. पुंजाभाऊ रस्त्याकडे बघतसुद्धा नव्हते. बाहेरच्या भातखाचरांकडे बघत, गावाकडे भाताच्या आवण्या उरकल्या असतील का, नागली कशी आली असेल, असलं काहीबाही बोलत राहिले. मुंढेगाव गेलं. पाऊस वाढला. दिवा लागला नाही. घोटी आलं, तशी त्यांनी हातानं खूण केली, "बाजूला घ्या. हितून मला नाशिकची बस मिळंल."

मी चमकले. "इथं? अहो, चढ पुढं आहे, पुंजाभाऊ!"

"म्हाईत हाय."

"मग चढ झाल्यावर उतरा ना. इगतपुरीहून मिळेल की बस."

"नाय ताई. मी संगं बसलो तर तुम्ही म्हणाल, पुंजाभाऊ होता म्हणून चढली. रोज काय मी येणार हाय?" आणि उतरून दार लावलंसुद्धा. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बदलीचा अर्ज मी दिला नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरात नाही. त्यामुळे सातपूरला जायचं कारणच उरलं नाही. एकदा सहज जाऊन यावं, चहा प्यावा, असं दर आठवड्याला वाटायचं आणि राहायचं. दसऱ्याला हार घेऊन गेले, तर शेडला कुलूप. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणाला, "तुम्हाला कळलं नाय का? महिना होऊन गेला. झोपेतच गेले." त्यानंच सांगितलं, जायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस पुंजाभाऊ गिऱ्हाइकांच्या घरोघर हिंडत होते. कुणाकडे चहाही घेतला नाही. बॉनेट उघडायला लावायचे, धागे कापायचे आणि "चुकलं माझं" म्हणून निघायचे. मी गाडीत येऊन बसले आणि रडले. एक फेरी मारायला काय झालं होतं मला?

म्हणून माझ्याकडे शेवटचे पुंजाभाऊ आहेत, ते घोटीचे. ते उतरले, मी गाडी रस्त्यावर घेतली. समोर चढ दिसायला लागला.  वाटलं, ते नक्की उभे राहून बघत असतील, काही झालं तर धावत येतील. तेवढ्याच आधारासाठी मी आरशात बघितलं. पुंजाभाऊ चहाच्या टपरीवर होते. माझ्याकडे चक्क पाठ. चहावाल्याशी काहीतरी बोलत होते आणि ग्लासासाठी हात पुढं केला होता. एकदाही वळून बघितलं नाही त्यांनी. मी दुसरा गिअर टाकला आणि चढाला लागले.